एका मताने हरलेल्या निवडणुकीचा खुलासा

मी, शालूबाई उत्तमराव पतंगे, वय एकाहत्तर, सातवीपर्यंत शिकलेली, राहणार सिद्धेश्वर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, लिहून ठेवते की माझं डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेब म्हणाले. हे मी स्वतःच्या हाताने, कुणाच्या दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव टाकणारे, म्हणजे आमचे हे, जेवून झोपले आहेत.

१. राहतं घर आणि धरणाखालची बागायती यांच्या नावावर आहे. ती वाटण्याचा मला अधिकार नाही. चोपन्न वर्षं घर सारवलं, एवढाच माझा संबंध.

२. माझ्या माहेरची, साखऱ्याची दीड एकर कोरडवाहू जमीन माझ्या भावाने राजीखुशीने माझ्या नावे करून दिली आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द तलाठ्याचा. भावाला राजी व्हायला आठ वर्षं लागली. ती जमीन मुलगी मंजुषा हिला. मुलगा हरीश याने मन छोटं करू नये. त्याला बापाची बागायती मिळणार आहे आणि बापाचा हेका आधीच मिळालेला आहे. त्याने राजकारणातले विचार पुस्तकं वाचून ठरवले म्हणे. तो बारा वर्षांचा असताना यांच्या मोटारसायकलवर मागे बसून प्रचाराला जायचा. तेच त्याचं पुस्तक.

३. माहेरचा तांब्याचा हंडा मंजुषाला. तिने तो शोभेला ठेवू नये. एकदा तरी भरून डोक्यावर घ्यावा आणि माळावरून चालून बघावं. साखऱ्याला उन्हाळ्यात विहिरी आटायच्या. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती नापास झाले म्हणून नाही, पाणी भरायला माणूस कमी पडत होतं म्हणून. लग्न होऊन इथे आले तर घरच्याच आडाला बारमाही पाणी. पहिल्या दिवशी मी आडाच्या काठावर इतका वेळ बसून राहिले, की नवी नवरी जीव देते असं समजून सासूबाईंनी शेजारीपाजारी गोळा केले.

४. आता मुख्य गोष्ट. सन १९९५ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत हे आमच्या वॉर्डातून छत्री या चिन्हावर उभे होते. समोर तांड्यावरचे वसराम आडे, चिन्ह बादली. हे निवडून आले तर गावाच्या तोंडाशी कमान बांधणार होते. वसरामभाऊ तांड्यावर हातपंप आणणार होते. मी यांना म्हणाले,

“कमानीआधी हातपंपाचं बघा की.”

“काहून? तांड्यावरच्या बाया येऊन राहिल्या ना आपल्या आडावर!”

“येतात. अर्धा कोस चालून.”

“मग चांगलंच हाय. चालल्यानं तब्येत बराबर राहते.”

हे मनाने वाईट नाहीत. पण जन्मात कधी यांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरून घेतलेला नाही. पाणी पेल्यातूनच येतं असं यांना खरोखर वाटतं.

मतदानाच्या दिवशी मी यांच्या पाया पडून गेले आणि बादलीवर शिक्का मारला. मोजणी तीनदा झाली. वसरामभाऊ एकशे त्रेचाळीस, हे एकशे बेचाळीस.

यांच्या यादीत एकशे त्रेचाळीस पक्की नावं होती. एक फुटलं कसं, याचा तपास यांनी त्याच दिवशी लावला: शेजारचा कोंडीबा वाबळे, लहानपणापासूनचा दोस्त. का, तर आदल्या दिवशी तो तांड्यावर चहा पिताना दिसला होता. मधे भिंत घातली. बोलणं बंद. त्याच्या पोरीच्या लग्नाला आमच्या घरातून कुणी गेलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं यांच्या मनात आलं नाही. बायकोला स्वतंत्र मत असेल, हे यांच्या यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

तीस वर्षं हे पाप मी बाळगलं. परवा भिंतीवरून हाक मारून कोंडीबाभावजींना खरं सांगितलं. हात जोडले. ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत.

“वैनी, मी बी बादलीलाच देलं व्हतं!”

“तुमी? काहून?”

“चौथीपर्यंत उत्तमच्या दप्तराचं वझं मीच वाह्यलं. पुढं तेच्या प्रचाराचे कागद वाह्यले. शिक्का हातात आला तवा पयल्यांदा माझ्या हातात माझं काही व्हतं.”

म्हणजे मी ज्यांची कीव केली ते निर्दोष नव्हतेच. मला रागही आला आणि हलकंही वाटलं. पण यादीतली दोन मतं फुटली, तर यांना यादीपेक्षा एकच मत कमी कसं? काल साक्षीदार व्हाल का विचारलं, तेव्हा हे कोडं वसरामभाऊंनी सोडवलं. ते खाली मान घालून म्हणाले, “मी छत्रीला दिलं, बाई. आमच्यात वाढणारा आधी आपल्या ताटात वाढून घेत न्हाई. सोताला मत द्यायची लाज वाटली.”

यांना मिळालेलं जास्तीचं मत विरोधकाचं होतं, हे यांना कळलंच पाहिजे.

५. भिंत पाडण्याचा खर्च माझ्या पोस्टातल्या पैशांतून करावा. भिंतीच्या विटा कोंडीबाभावजींच्या घरी द्याव्यात. त्यांचा गोठा अर्धवट राहिला आहे.

६. हे मृत्युपत्र हरीशने दहाव्याच्या दिवशी, जेवणाआधी, यांच्यासमोर मोठ्याने वाचावं. कलम चार दोनदा वाचावं. कुणी दयेपोटी गाळू नये. हे ओरडतील, ताट सरकवतील, मला नाही नाही ते बोलतील. बोलू द्यावं. सासूबाई वारल्या तेव्हा हे चार दिवस जेवले नव्हते, मला माहीत आहे. पण भांडण असलं की हे ओरडता ओरडता दोन भाकरी जास्त खातात. त्या दिवशी भाकऱ्या वाढीव थापाव्यात.

वरील मजकूर माझा आहे आणि मला मान्य आहे.

साक्षीदार:
१. कोंडीबा सखाराम वाबळे (सही)
२. वसराम आडे (सही)

शालूबाई उत्तमराव पतंगे (सही)
ठिकाण: सिद्धेश्वर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५