‘कामापुरते’ या शब्दाने खाल्लेल्या मांड्यांबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
मुख्य अभिलेख कार्यालय.

विषय : गुडघ्याच्या पट्ट्यांमुळे मांड्या वाळल्याने सोमवारच्या चाल-तपासणीची अट शिथिल करणेबाबत.
संदर्भ : माझ्या गुडघ्यांविषयीचे आपले दोन आदेश.

महोदय,

मी अभिलेख कक्षातील शिपाई. तीन वर्षांपूर्वी फायली काढताना शिडीवरून पडलो व दोन्ही गुडघे दुखावले. डॉक्टरांनी लोखंडी पात्यांचे पट्टे दिले आणि चिठ्ठीत लिहिले, ‘कामापुरते बांधावेत’. म्हणजे काम करताना बांधा, एरवी सोडा. आपल्या मोठ्या लिपिकांनी आदेशात त्याचे ‘कामावर असेपर्यंत’ केले. महोदय, मी अजून चौदा वर्षे कामावर असणार आहे.

२. चूक दाखवली तेव्हा मोठे लिपिक म्हणाले, “अरे बाबा, आदेश सुधारायचा म्हणजे मी चुकलो असं लिहून द्यायचं. त्यापेक्षा तू आपला बांधून टाक की!” पट्ट्याविना दिसल्यास आदेशभंग, म्हणून घरीही तपासणीला माणूस येतो. मी पट्ट्यांतच जेवतो, पट्ट्यांतच झोपतो. गुडघा वाकत नाही, सबब खुर्चीची गरज नाही, असा शेरा मारून माझी खुर्चीही उचलून नेली.

३. गुडघे वाकवलेच नाहीत तर मांडीचे स्नायू राहतील कसे? गणवेशाच्या शिंप्याने माझी मांडी बावीस इंचांवरून सोळा मोजली. कार्यालयाने ‘माप चुकीचे’ म्हणून पँट जुन्याच मापाने शिवून घेतली. हसावे की रडावे? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पट्टे हळूहळू सोडा, व्यायाम करा, वर्षभरात मांडी भरेल, असे त्यांनी लेखी दिले. त्यावर आपण तत्परतेने आदेश काढला : सोमवारी पट्टे काढून पन्नास पावले चालून दाखवावे. न जमल्यास सेवेतून कमी. जमल्यास, तीन वर्षे विनाकारण पट्टे वापरल्याबद्दल चौकशी. धन्य आहे!

४. चौकशी चालेल, मी चालेन का, हा प्रश्न आहे. घरात दुसरे कोणी कमावत नाही. काल पत्नीसमोर पट्टे सोडून पाहिले. सात पावले झाली आणि मी कोसळलो. तरी पन्नासऐवजी सात पावलांवर मला पात्र ठरवावे, ही विनंती. आठवे पाऊलही पडले होते, असे पत्नी सांगत फिरते. ते तिने मला काखेत हात घालून उचलले असतानाचे असल्याने कृपया मोजू नये.

आपल्या आज्ञेत व पट्ट्यांत बांधलेला,
शिपाई, अभिलेख कक्ष
दिनांक : ४ मार्च

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या (दोन), शिंप्याने घेतलेले माप (एक).