बोलावल्याशिवाय जायचं नाही

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सप्रेम सलाम.

तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरणाऱ्याकडे फार लक्ष द्यायचं नाही, हे आपण आईकडूनच शिकलो. फोनवर तू मला "टकळी, मुद्द्याचं बोल" म्हणून अडवतोस आणि मुद्दा नावडता निघाला की फोन ठेवतोस. पत्राला असं अर्ध्यात अडवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी केंद्राचं सांगते. सकाळी चहा-पाव, मग आंघोळी, मग जखमा धुणं-बांधणं, हे चर्चच्या तळघरात पूर्वीसारखंच चालू आहे. स्वयंपाकघर आत्यांच्या ताब्यात आहे. सगळे त्यांना आत्या म्हणतात. त्या नेमक्या कुणाच्या आत्या, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. रांगेत कुणी धक्काबुक्की केली की त्या त्याच्यावर पळी उगारतात आणि मग त्यालाच दुसऱ्यांदा वाढतात.

नवीन म्हणजे, आता आमच्याकडे खोल्या आहेत. चर्चच्या मंडळीने मागच्या रस्त्यावरची एक जुनी तीन मजली इमारत घेतली आहे. रस्त्यावर झोपणाऱ्यांना एकेक करून आम्ही तिथे राहायला नेतो. खाट, टेबल, दोन खुर्च्या, शेगडी आणि दाराला आतून कडी. रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब त्या माणसाला पुढे बोलावतात, मंडळी उभी राहते, प्रार्थना होते आणि किल्ली त्याच्या हातात पडते. आत्या दर वेळी रडतात आणि रडणं लपवायला दुसऱ्या कुणावर तरी खेकसतात.

ह्या खोल्यांचा एक नियम आहे आणि तो माझा आहे, म्हणून जरा मिरवू दे. किल्ली दिली की केंद्रातल्या कुणीही, अगदी पाळकसाहेबांनीही, त्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुणीही यावं आणि लाथ मारून उठवावं, त्याला जगात एक तरी दार असं मिळायला हवं की नाही, जे त्याच्या मर्जीशिवाय वाजणार नाही? पाळकसाहेबांनी हे उपदेशातही सांगितलं, तेव्हा माझं नाक दोन बोटं वर गेलं होतं.

आता मुद्दा. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

बाबा सापडले आहेत.

आज नाही सापडले. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात चिघळलेला घोटा घेऊन ते आमच्या रांगेत येऊन बसले. मी खाली मान घालून पट्टी गुंडाळत होते. "ताई, जरा हळू," असं कुणीतरी म्हणालं आणि मी वर पाहिलं. त्यांनी मला माझ्या आधी ओळखलं होतं. दोघांपैकी कुणीही ते बोलून दाखवलं नाही. ते इतरांसारखंच मला ताई म्हणत राहिले. केंद्रात आम्ही सगळ्याच म्हाताऱ्यांना बाबा म्हणतो, त्यामुळे माझी तर सोयच झाली. भरल्या हॉलमध्ये मी बापाला बाबा म्हणून हाक मारत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. पाळकसाहेबांना नाही, आत्यांना नाही आणि तुलाही नाही.

ते चर्चच्या पायरीवर झोपायचे. दिवसा कुणाच्या दुकानाची पाटी रंगवायची असली तर रंगवून द्यायचे. हात कापतो, पण अक्षर अजून सरळ येतं. दारू सुटली आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण ह्यांचा पीळसुद्धा जळून गेलाय रे, नुसता खोकला उरलाय. एकदाच, चहाच्या वेळी, शेजारी कुणी नाही असं पाहून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचे थोरले बंधू बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. "मुलंबाळं?" म्हटलं, दोन. मग ते बराच वेळ पाव चहात बुडवत बसले. पाव विरघळून गेला तरी बुडवतच होते.

तुझा राग मला माहीत आहे. आईच्या मातीला ते आले नाहीत. पेटी खाली सोडायची तर तू पाळकांना थांबवलंस, "येतील, येतील" म्हणून फाटकाकडे पाहत राहिलास. ते मी पाहिलं आहे, त्यामुळे राग सोड असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण गेल्या रविवारी त्यांना किल्ली मिळाली. तिसरा मजला, जिन्यासमोरचंच दार. ते मला बोलावतील तेव्हा मी जाईन आणि त्या वेळी तू माझ्याबरोबर असावंस, एवढंच मागते. आमच्या नर्सबाई त्यांच्या छातीची खात्री देत नाहीत. तू माफ करायला नको, गोड बोलायलाही नको. समोरच्या खुर्चीत थोडा वेळ बसलास तरी पुरे. पत्ता मागे लिहिला आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
टकळी


ता. १४ डिसेंबर

प्रिय दादास,
सलाम.

वहिनींशी फोनवर बोलत होते तेव्हा तू शेजारीच होतास, हे मला कळत होतं. फोन घेतला नाहीस त्याचं वाईट वाटलं नाही. मलाही तुझा आवाज झेपला नसता.

इकडे थंडी फार आहे. केंद्रातला पाणी तापवायचा बंब बिघडला आहे. आंघोळीच्या वेळी जो आरडाओरडा चालतो तो ऐकून रस्त्यावरच्यांना वाटत असेल की आम्ही लोकांना धरून धरून बाप्तिस्मा देतो. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच. पाहिलंस, मुद्दा जवळ आला की माझी गाडी आडरस्त्याला लागते.

वहिनींना मी म्हटलं, बाबा झोपेत गेले. झोपेतच गेले असावेत. पण ते आम्हाला कळलं कधी, हे मी त्यांना सांगितलं नाही.

किल्ली मिळाल्यावर ते केंद्रात यायचे थांबले. आम्हाला आनंदच झाला. घर मिळालेला माणूस रांगेत कशाला उभा राहील? "बाबा स्थिरावले," असं पाळकसाहेब म्हणाले आणि आम्ही आभाराची प्रार्थनासुद्धा केली. मी बोलावण्याची वाट पाहत होते. येताजाता त्या इमारतीखालून जायचे, तिसऱ्या मजल्यावर दिवा दिसला की बरं वाटायचं.

मग एका सकाळी त्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणारी बाई केंद्रात आली. तिलाही आम्हीच खोली दिली आहे. ती म्हणाली, "ताई, वरच्या बाबांचा खोकला ऐकू येत नाही. काल पण नव्हता." तो जिना मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. दाराची कडी तोडावी लागली.

खाट कोरी होती. ते फरशीवर, दाराजवळ, कोट अंगावर घेऊन झोपले होते, पायरीवर झोपायचे तसेच. चेहरा त्रासलेला नव्हता, हे तुला खरं सांगते.

दादा, पायरीवर दोन्ही बाजूंना माणसं असतात. खोकणाऱ्याचा खोकला थांबला तर शेजारचा जागा होतो, हलवून पाहतो, शिव्या देत आम्हाला उठवायला येतो. ह्याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा ते वाचले होते. दार आम्ही दिलं, आणि दारापलीकडे काय चाललंय ते पाहायचं नाही, हे मी ठरवून दिलं. ज्या प्रभूचे आम्ही म्हणवतो तो लोकांच्या दाराशी उभा राहून ठोकत असतो, असं मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, नात्याचं कुणी आहे का? आमच्या माणसांच्या बाबतीत सहसा कुणी नसतं. ते पुस्तक उघडून पुढे वाचणार इतक्यात मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. आत्यांनी मला धरलं आणि माझ्या कानात एवढंच विचारलं, "आणि तू वर गेली नाहीस?" त्यांना दुखवायचं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मीही आता स्वतःला तेच विचारते. नियम होता, हे खरं. बापासाठी नियम मोडला असता तर बोभाटा झाला असता, हेही खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला भीती वाटत होती. केंद्रात शंभर माणसांत त्यांना बाबा म्हणणं सोपं होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच असतो. तिथे त्यांनी मला ताई म्हटलं असतं तर ते मला सहन झालं नसतं, आणि माझ्या नावाने हाक मारली असती तर तेही झालं नसतं. नियम माझ्या पथ्यावर पडला. मी त्याच्या आड लपून बसले आणि वरून शाबासकीही घेतली.

हे सगळं माझं झालं. आता तुझं.

माती झाल्यावर मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बसले. तिने सांगितलं की मागे एक उंच माणूस आला होता. तिसऱ्या मजल्यावर बराच वेळ उभा होता, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत. तिने जिन्यातून विचारलं, कुणाकडे आलात? तो म्हणाला, "चुकून आलो," आणि खाली उतरून गेला.

घाबरू नकोस. मी तुला ह्याचा जाब विचारत नाही. वहिनी म्हणाल्या, तू नीट जेवत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस. का, ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. दार न ठोकता परतलो आणि आत ते तसेच गेले, हेच तुला खातंय ना? म्हणून हे पत्र. पुढचं नीट वाच.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली तिच्याकडे आले. दाढी केलेली होती. न विचारता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काल माझा मुलगा येऊन गेला."

तिने म्हटलं, "अहो, मग आत नाही का घेतलंत?"

"दाराला कान लावून उभा होतो मी. नाक ओढायची सवय अजून तीच आहे त्याची, लहानपणची. उघडलं असतं तर गेला असता तो. नाही उघडलं, म्हणून तेवढा वेळ तरी थांबला."

तिने चहा केला. त्यांनी दोन कप घेतले. ती म्हणते, इतके दिवस मान खाली घालून जिना चढणारा माणूस त्या दिवशी तिच्या मशीनला तेल घालून देऊन गेला. तुझी मुलं शाळेत जाताना कशी दिसत असतील, ह्याबद्दलही काय काय बोलत होते. ही बाई खोटं बोलणारी नाही. आणि खोटं बोलायचं असतं तर नाक ओढण्याचं तिला सुचलं नसतं.

म्हणजे तू आलास ते वाया गेलं नाही. तू दाराच्या एका बाजूला होतास आणि ते दुसऱ्या बाजूला, एवढाच फरक. जे तू दिलं नाहीस असं तुला वाटतंय, ते त्यांना मिळालं. तेव्हा जेव. वहिनींना सांग आणि पोटभर रडून घे, पण जेव.

मी तिला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? ती आधी टाळत होती. मग म्हणाली, मीच त्यांना विचारलं होतं, ती केंद्रातली ताई येत नाही का हो तुमच्याकडे? तर म्हणाले, "तिचं काम झालं. खोली दिली, किल्ली दिली. आता दुसऱ्या कुणाची सोय पाहायची असेल." ह्यावर ती त्यांना म्हणाली, मग बोलवा की. तर हसले. म्हणाले, "आपण बोलावणारे कोण?"

दादा, नियम आम्ही आमच्यात ठरवला होता, उपदेशातून मंडळीला ऐकवला होता. बोलावणं खोलीत राहणाऱ्यांनी करायचं आहे, हे आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. एकालाही नाही. आमच्या ते डोक्यातच आलं नाही. पाळकसाहेबांनी परवा सगळ्या खोल्यांवर जाऊन सांगितलं, आम्ही येत जाऊ, चालेल ना? आधीपासून राहणारा एक म्हातारा म्हणाला, मला वाटलं तुम्ही रागावलात.

ते तुझ्यावर रागावले नव्हते, हे तुला सांगायला मी आहे. मला तसं सांगेल असं कुणी उरलेलं नाही.

तुझी,
किल्ली देऊन परत न गेलेली बहीण