सशाचं वर्ष

४ एप्रिल, शनि.
शुक्रवारी पीएचडीचा डिफेन्स, परीक्षकांसमोर. पाच वर्षांचा प्रबंध, त्याचं सार एवढंच: आठव्या शतकातला माझा तिबेटी राजा. त्याच्या नावावर सात मंत्र्यांची कत्तल आहे, पण तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता, हुकूम त्याच्या आजीचा. डिग्री मिळाली तर ऑगस्टपासून कॉलेजात नोकरी. नाही मिळाली तर व्हिसा संपला, चला नागपूर.

५ एप्रिल, रवि.
डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या देशी दुकानातून लाडू घेऊन पेमाकाकांकडे. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत वाढलेले, वीस हिवाळे नागपुरात स्वेटर विकले, आता इथे शिकागोत लेकीकडे. जुनी अक्षरं मला त्यांनीच शिकवली. त्या कत्तलीच्या हुकुमाचा फोटो मोठा करून दाखवला, खाली माझं वाचन. जरा शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. वाचता वाचता थांबले.
"पोरी, शेवटची ओळ काहून सोडली?"
म्हटलं, डाग आहे काका, वाचताच येत नाही.
"मले येते ना." बोट ठेवून वाचली. राजाच्या आजीच्या समाधीला दोन घोडे दिले.
म्हणजे हुकूम निघाला तेव्हा आजी नव्हतीच.

६ एप्रिल
कागदावर नुसतं 'सशाचं वर्ष' आहे. ससा दर बारा वर्षांनी येतो. मी पहिला धरला, तेव्हा आजी जिवंत होती. का? कारण मला राजा लहान हवा होता. दुसरा धरला तर तो वीस वर्षांचा, आणि ती सात मुंडकी त्यानंच मागितलेली. पाच वर्षं मी ज्याला पाठीशी घातलं तो...


८ एप्रिल, बुध.
गाइडचा मेल. स्लाइड सतरावरचा हुकुमाचा फोटो छान, डाग कापून टाकलास ते बरं केलंस. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आईनं अख्ख्या कॉलनीला पेढे कबूल केलेत.
काकांना फोन. म्हटलं, ती ओळ तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही.
काका म्हणाले, "मी कोणाले नाही सांगत. पण आता तुले बी येते ना."
मला माझीच भीती वाटतेय.

१० एप्रिल, शुक्र., पावणेदहा
कॉरिडॉरमध्ये बसून लिहितेय. लॅपटॉपवर दोन फाइल्स. एकीत कापलेला फोटो, दुसरीत अख्खा.
काकांना मी बोलावलं नव्हतं. तरी आलेत, दोन बस बदलून, तपकिरी स्वेटर घालून. उघड्या दारातून दिसतात, आत पहिल्या रांगेत बसलेत. चष्मा पुसताहेत.
गाइड दारात. "यू रेडी?"
मी येस म्हणाले. दोन्ही फाइल्स अजून उघड्याच आहेत.