अल्पकाळ म्हणजे किती

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

'तीर्थरूप' लिहिणार होतो, पण त्यानं म्हातारं झाल्यासारखं वाटतं असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून 'प्रिय'वर भागवतो. इकडे ठीक आहे. थंडी सरल्यापासून आईचा गुडघा कुरकुरत नाही. आई मात्र कुरकुरते. छापखान्यात प्रुफांचा ढीग आहे. बाबा बरे आहेत. सकाळी बाहेर पडतात, चालणं होतं.

तुझ्या समितीचा अहवाल पोचला. काचकारखान्यांचं स्वस्त कर्ज बंद करावं आणि बाहेरच्या मालावरचा कर काढून टाकावा, असं तुम्ही लिहिलंत, सरकारनं ते केलं आणि बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. त्यावर मी काही बोलणार नाही. तू डॉक्टरेट केलीस, माझी शाळा नववीत सुटली. भांडवल नि माणसं जुन्या भट्ट्यांत अडकून पडली, तर सगळा देशच तिथे अडकतो, हे तू मला जेवताना पाण्याचे पेले मांडून समजावलं होतंस आणि मला ते पटलंही होतं.

पण एका शब्दाबद्दल विचारायचं आहे.

भट्टीच्या उजेडापायी बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून अहवाल मी मोठ्यानं वाचला. 'अल्पकाळात रोजगार घटेल' इथे त्यांनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं आणि हसले. तेव्हापासून हा शब्द त्यांनी उराशी धरलाय. कारखान्याच्या फाटकापाशी साचेवाले काका म्हणाले, "काय हो, लेकीनंच लावलं ना टाळं?" तर बाबा म्हणाले, "नीट ऐकत जा रे. अल्पकाळ लिहिलंय. माझी पोरगी शब्द मोजून लिहिते." आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "ती शब्द मोजते, मी घास मोजते."

हो, फाटकापाशी. त्यांचं चालणं तिथपर्यंतच असतं. डबा घेऊन जातात.

गेल्या आठवड्यात छापखान्यात एम.ए.च्या वर्गासाठी लिहिलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची प्रुफं आली. वाढीच्या सिद्धान्ताचं प्रकरण मी काना-मात्रा बघत वाचत होतो. 'घसारा', 'स्थिर अवस्था', सगळं शुद्ध. मग 'अल्पकाळ' आला आणि पेन्सिल थांबली. तुमच्या शास्त्रात तो कॅलेंडरवरचा काळ नाहीच. यंत्रं, इमारती, माणसाचं कसब, यांतलं काहीतरी जोवर बदलता येत नाही, तोवरचा सगळा काळ म्हणजे अल्पकाळ. आणि नव्या स्थिर अवस्थेकडचं, म्हणजे सगळी घडी पुन्हा बसण्याकडचं, निम्मं अंतर कापायलाच एखादी पिढी जाऊ शकते, असंही पुढे होतं.

ताई, बाबांचं कसब आता बदलणार नाही. मग त्यांचा अल्पकाळ केव्हा संपतो, ते मला लिहवत नाही.

मी त्यांना सांगून पाहिलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले. भट्टी एकदा पुरती थंड झाली की आतल्या विटा तडकतात, ती पुन्हा पेटत नाही, हे आपल्याला लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं ना? त्याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "ते खरं. पण ताईनं लिहिलंय."

आता, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. त्यांच्या जुन्या मुकादमांनी डेअरीच्या शीतगृहात दारावर बसायची नोकरी बाबांसाठी धरून ठेवली आहे. पुढल्या शनिवारपर्यंतच. बाबांनी दोनदा नको म्हटलं. "मी तिकडे अडकलो नि इकडे भट्टी पेटली तर? पोरीचा शब्द मीच खोटा पाडू का?"

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. अहवाल बरोबरही असेल. तो मागे घे, असंही नाही. फक्त त्यांना एक पत्र लिही, उलट टपाली. भट्टी पेटणार नाही, असं सरळ लिही. 'बहुधा', 'तूर्तास' असलं काही घालू नकोस. तेवढ्या आधारावर ते आणखी वर्षभर फाटकाशी उभे राहतील.

पाकिटावर त्यांचं नाव घाल. ते मलाच वाचायला देतील. मी वाचीन, मध्ये थांबणार नाही. पुन्हा वाच म्हणाले, तर पुन्हा वाचीन.

तुझा नि बाबांचाही,
धाकटा