झुबक्याखालची चांदणी

शके १७८४, अश्विन वद्य नवमी. दुपार.

पुंजाराम येऊन गेला. माहा भाऊ. अकोल्याकडे रेलची लाइन टाकाची हाय, तिथं जमीन मोजणाऱ्या साहेबाच्या हाताखाली साखळी धरते. धरते साखळी, पण बोलते असा का रेल याच्याच अंगणातून निंगन. म्हणे साहेब रोज तारीख टाकून लिहिते, काय झालं ते. डायरी म्हणतात त्याले. मनात भेव असलं का लिहून टाकावं, हलकं वाटते म्हणे.

मले कोणतंच भेव नाई. तरी लिहीन.

अक्षरं मले त्यानंच शिकवले, लहानपणी, राखेत बोटानं. कागद घरात लय हाय. उमरावतीच्या कापूस कंपनीच्या नोटिसा, एका अंगानं कोऱ्या. घरात माह्याबिगर वाचता कोणाले येत नाई. साहेबाची तारीख मले येत नाई, तिथीवर भागवीन.

त्याच दिवशी, दिवे लागाच्या आधी.

शेजारच्या माणिकबाईचं लिहून ठेवीन. बाळंत झाली अन् तिले रातआंधळं झालं. दिवस बुडाला का तिच्या डोळ्यापुढं भिंत. एक दिवस पोराले चुलीजवळ निजवलं, पोरगं सरकलं, हिले दिसलं नाई, हात पोळला त्याचा. घरच्यायनं पोरगं उचललं अन् जावेच्या मांडीवर दिलं. आता ते पोरगं जावेले माय म्हणते, अन् माणिकबाईले "ओ बाई".

आमच्या घरी बी जाऊ हाय. मनकर्णा. लग्नाले लय साल झाले, पोट पिकलं नाई. माही जमुना दोन महिन्याची. मनकर्णाबाईचे हात दिवसभर तिच्यासाठी पसरून. "आण वं इकडं. तुले काम असन." मले काम नाई. असलं तरी नाई.

म्हणून मी डोळे तपासून राहिली. रोज. कोणाले न सांगता. त्यासाठी बारकी चांदणी पाहिजे, मोठी तं गोठ्यातल्या म्हशीले बी दिसते. लग्नात भटानं अरुंधती दाखवली होती, पण या दिवसात ते संध्याकाळची नसते. मी आपली दुसरी धरली. कृत्तिकेचा झुबका उगवते ना, त्याच्या खाली, उजव्या अंगाले, एकलीच. लालसर. ज्वारीचा दाणा विस्तवात पडावा तशी. सर्वपित्री अमावस्येले धरली. ते दिसते तवर माहे डोळे शाबूत. अशी अक्कल या गावात दुसऱ्या कोणाले सुचली नसती.

काल दिसली. जराशी कमी दिसली. भेव नाई.

अश्विन वद्य द्वादशी.

अजून कमी. कारण सापडलं. घराघरात सरकी काढून राहिले, हवेत नुसता कापसाचा धुरळा. दुधात कापूस, भाकरीत कापूस, सासूच्या मिशीत कापूस. आभाळात बी गेला असन.

तरी शेवग्याचा पाला रोज खाईन. आजपासून.

(आज विसरली. उद्यापासून.)

अश्विन अमावस्या. दिवाळी.

गाव येडं झालं. समुद्रापलीकडे कोण्या मुलखात लढाई लागली म्हणे, म्हणून आमच्या कापसाले सोन्याचा भाव. लोकायले सोनं ठेवाले जागा नाई, अन् अक्कल तं पयलेपासूनच नव्हती. आमच्या यायनं, सूर्यभानरावानं, बैलाले चांदीच्या घंट्या केल्या. बायकोच्या पायात अजून काश्याच्या वाळ्या. बैलाचं नशीब.

वरून उमरावतीहून चष्मा आणला. कंपनीचा एजंट लावते म्हणून. यायचे डोळे गरुडावाणी, तरी लावून बसले ओट्यावर. उतरताना पायरी चुकली. म्हणे पायरीच वाकडी हाय.

चांदणी पाहाले गेली. पणत्यायचा उजेड आडवा आला. असन तिथंच. कोठं जाते?

कार्तिक शुद्ध तृतीया.

डोळ्याले बकऱ्याची कलेजी चांगली. यायले म्हटलं, कलेजी आणा. "कावून? कायले?" म्हणे. मले खावाशी वाटते म्हटलं. एवढंच म्हटलं. यायनं ते आईले सांगतलं, आईनं पाणवठ्यावर सांगतलं, अन् दुपारपर्यंत गावभर झालं का सूर्यभानची बायको पुन्हा पोटुशी. दोन महिन्याचं लेकरू मांडीवर अन् डोहाळे लागले हिले! गोदाबाई, म्हणजे आमची सासू, म्हणे, "माय वं, जरा दम तं घ्या दोघं." हे गालात हसून राहिले. चष्मा लावून.

कलेजी आली. सासूनं पोटुशी म्हणून मले गूळ दिला, अन् कलेजी यायनंच खाल्ली. म्हणे तुले उष्ण पडन.

चांदणी हाय. अशी, जशी नाईच.

कार्तिक शुद्ध अष्टमी. दुपार.

आता घाबराची नाई, तयारी कराची. डोळे गेले तरी कोणाले समजू नाई द्याचं. घर पाठ करून टाकते. मंग दिसलं काय अन् नाई काय. आजपासून दिवसाच डोळे मिटून हिंडाची सवय. चुलीपासून माजघर, माजघरातून ओसरी, ओसरीतून गोठा. सोपं हाय. अर्ध्या दिवसात जमन.

तोच दिवस, संध्याकाळ.

माजघरापर्यंत जमलं. ओसरीत यायनं कालच कापसाचा ढीग टाकला. भाव चढते म्हणून विकत नाई, घरात भरून ठेवते. मले कोणी सांगतलं नाई. डोक्यावर पडली त्यात. काई लागलं नाई, पण नाकातोंडात कापूस अन् बोंब मारता ये ना. मनकर्णाबाईनं पायाले धरून ओढलं. "डोळे मिटून कावून चालून राहिली तू?" म्हटलं, कचरा गेला. "दोन्ही डोळ्यात?" म्हटलं, हो, दोन्ही. तुले काय कराचं?

तवर जमुना तिच्या खांद्यावर. मले उचलाच्या आधी तिनं पोट्टी उचलली होती. हे मी ध्यानात ठेवीन.

कार्तिक पौर्णिमा.

चांदणं. आज ते चांदणी कोणालेच दिसत नसन. लय दिवसानं झोप लागली.

कार्तिक वद्य दशमी.

नाई.

कार्तिक वद्य एकादशी.

आज बी नाई. आभाळ साफ, चंद्र नाई, पणत्या नाई, धुरळा नाई. सारे कारणं संपले.

बाकीच्या दिसतात. दिसतीनच, मोठ्या हाय. तिच्या बाजूची एक बारकी बी दिसते म्हणा, पण ते मी धरत नाई. ते माही नाई.

हे जेवाले बसले तवा यायचा चष्मा गुपचूप घेतला, अंगणात गेली, लावला. माय माय माय. साऱ्या चांदण्या गेल्या! लोण्याचे डाग पडावं तसं आभाळ. झुबका बी गेला. माहे डोळे पार गेले, दुसरं काय. खालीच बसली. मांगून सासू कंदील घेऊन आली. कंदील सूर्यावाणी मोठा अन् सासूले दोन तोंडं. एकच तोंड जास्त होत होतं आमाले. मी किंकाळी मारली. तिनं बी मारली. म्हणे, "नवऱ्याचा चष्मा लावून अंधारात कोणाशी बोलून राहिली वं?"

म्हटलं, कोणाशी नाई.

"मंग हातवारे कोणाले करून राहिली?"

कार्तिक वद्य द्वादशी. सकाळ.

घरात बैठक बसली. मले बसवलं नाई, पण दाराआडून आयकाले डोळे लागत नाई.

सासू म्हणे, हिच्यात काई तरी घुसलं. डोळे मिटून चालते, कलेजी मागते, आभाळाले हातवारे करते. हिले अंजनगावले माहेरी पाठवा महिनाभर, हवा बदलन. लेकरू इथं मनकर्णाजवळ राहीन. शेळीचं दूध पाजू.

हे म्हणे, "बाई, तू म्हणशीन तसं." बैलाले घंट्या घालाले याले आईले इचारा नाई लागत.

मनकर्णाबाई खाली मान घालून बसली. आतून लाडू फुटत असन.

मी किती हुशारीनं लपवलं होतं. पण अशा अडाणी लोकायत हुशारीचं काई चालत नाई.

माणिकबाईचं पोरगं आज बी दारात आलं होतं. "ओ बाई, पाणी दे" म्हणे तिले.

उद्या सकाळी गाडी जुंपणार.

वद्य त्रयोदशी.

गेली नाई. काय झालं ते नीट लिहीन.

काल दिवस बुडल्यावर म्हटलं, जावाच्या आधी एक खेप पाहून घ्याव. अंगणात आली तं मनकर्णाबाई तिथं पयलेच. मान वर, हात जोडून, अन् रडून राहिली. आवाज न करता. मले पाहून दचकली. म्हणे, "रागावू नको वं बाई. मी तुही चांदणी घेतली."

कोणती चांदणी?

म्हणे, "झुबक्याखालची. लालसर. तू रोज लेकराले मांडीवर घेऊन तिले पाहे. मले वाटलं याच व्रतानं तुले लेकरू झालं असन. म्हणून मी बी धरलं. गोड सोडलं, तिले रोज हात जोडले. मी धरलं अन् ते झिजतच गेली. आता पार गेली. माह्या पोटाचं तिले समजलं असन, म्हणून तोंड फिरवलं तिनं."

मी म्हटलं, तुले दिसत नाई ते?

"नाई ना वं. तीन-चार दिस झाले."

तिच्या बाजूची बारकी दिसते?

"ते दिसते. तेच नाई."

तिचे डोळे मले माईत हाय. अंधारात सुईत दोरा ओवते. मी तिले चार खेपा इचारलं. चारही खेपा नाई म्हणे. मंग मले हसू आलं अन् थांबेच ना. मनकर्णाबाईले वाटलं तिच्यावर हसली, ते जास्त रडाले लागली, तवा मले बी पाणी आलं. धुरळ्यानं.

म्हटलं, तुह्यासाठी कोणी चांदणी कायले मरन? तू कोण लागून गेली? चांदणीच नासकी होती. विस्तव विझते तशी विझली. त्यात तुह्या पोटाचा काय संबंध?

ते टकामका पाहाले लागली. असं कोणी तिले आजवर म्हटलं नसन.

रडण्यानं सासू बाहेर आली, मांगून हे. मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं अन् कधी नाई ते मोठ्यानं बोलली. म्हणे, "आत्याबाई, हिच्यात काई घुसलं नाई. व्रत हाय तिचं, चांदणीचं. हातवारे नाई ते, हात जोडते बिचारी. लेकराले मायपासून तोडू नका. मी ठेवणार नाई." सासू म्हणे, अन् डोळे मिटून चालते ते? "ते बी व्रतच." अन् कलेजी? यावर मनकर्णाबाई अडकली. मंग म्हणे, "ते सोडाची होती, म्हणून आधी खावाशी वाटली."

सासू म्हणे, "दोघी बी येड्या." गाडी जुंपली नाई.

मनकर्णाबाई येडी हाय हे खरं. पण खोटं बोलता चांगलं येते. तिले डोळ्याचं मी सांगतलं नाई. सांगाचं काय? माहे डोळे पयलेपासून नंबर एक. मले माईतच होतं.

आता आभाळाकडे पाहाचं नाई. डायरी बी बंद. भेवच नाई तं लिहाचं काय?

शके १७८५, श्रावण अमावस्या. पोळा.

डायरी यायच्या बैलाच्या झुलीखाली सापडली. नोटीस समजून घडी घालून ठेवली होती यायनं. चष्मा लावून बी समजलं नाई.

आमचे बैल आज नवरदेवावाणी. शिंगाले चांदी, गळ्यात चांदी. माह्या पायात काश्याच्याच वाळ्या.

जेवणं झाले, पाऊस उघडला, आभाळ धुतल्यावाणी. मी भांडे घासून राहिली तं अंगणातून मनकर्णाबाईची हाक. "सत्यवती! आली वं, आली! धाव!" सारं घर धावलं. सासूले वाटलं पाहुणे आले, यायले वाटलं रेलच आली. "कोण आली?"

"चांदणी!"

झुबक्याखाली, उजव्या अंगाले. लालसर. तेवढीच, जेवढी मी धरली तवा होती. जशी काई कोठं गेलीच नव्हती. एका बाईले आंधळी केली, दुसरीले पापी केलं, अन् आता येऊन बसली. तोंडावर लाज नाई.

हे चष्मा लावून म्हणे, "हो, हो, दिसते." तोंड मावळतीकडे.

मनकर्णाबाई माहा हात धरून उभी. मी म्हटलं, तुह्या आधी मलेच दिसली होती. ते म्हणे, बरं. हात सोडला नाई. मी बी नाई सोडवला, भांड्याच्या राखेचा होता, कोण धुते.

जमुना आता चालते. तिले उचलून वर दाखवलं. म्हटलं, बेटा, ते पाह, लालसर, आपली चांदणी. कोठं हाय सांग?

तिनं बोट दाखवलं कंदिलाकडे.

तिकडं नाई बेटा. वर. दिसते का?

पुन्हा कंदील.

खाली ठेवली तं उंबरठ्याले अडखळली. काल बी तिथंच अडखळली होती. संध्याकाळीच.

मी मनकर्णाबाईकडे पाह्यलं. तिनं माह्याकडे.

भेव नाई. उद्यापासून शेवग्याचा पाला. तिघीले.