पिंकीच्या लेथवर लाथ

चेरीताल, खंडेनवमी, संध्याकाळ

आज नातीनं, पिंकीनं, तिच्या लोखंड कातायच्या लेथच्या दुकानात एका पिकअपवाल्याचं डोकं फोडलं. मला तर लई बरं वाटून राहिलं. बरं वाटावं का, देव जाणे. त्याच्या जुन्या डिझेल गाडीच्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची, पिन कुठंच भेटत नाही, पिंकीच घडवून देते. म्हणे, आजच पाहिजे. अरे, आज मशीनची पूजा, हार घातलेला, चालवणार कशी? त्यानं मशीनला लाथ घातली, पिंकीचे केस धरले, भिंतीवर आपटलं. पिंकीनं पाना उचलून हाणला. रक्त पार झेंडूवर. मीपण चप्पल हाणली. काहून सोडू?

तासाभरानं पट्टी बांधून परत आला. "दीदी, पिन कल बन जाएगी न?"

पिंकी म्हणाली, "आ जाना भैया. हाथ जेब में रखके."