पाळणाघराचा सौदा

१८ मे, सोमवार. सकाळ.
आरतीची रजा संपत आली. पंधरा जूनला बडनेऱ्याच्या रेल्वे ऑफिसात हजर. तोवर आमच्या आचलसाठी पाळणाघर पक्कं करायचं. जबाबदारी मी घेतली. आरती म्हणाली की ऑफिसातल्या बायकांना विचारते. मी म्हटलं, विचारून घेतलेला माल नेहमी महाग पडतो.
अमरावती जिल्ह्यातले अर्धे संत्र्याचे बगीचे मी नुसत्या नजरेनं घेतलेत. बांधावर उभं राहायचं, एक चक्कर मारायची, किती माल निघेल ते सांगायचं. ज्याला झाडावरचं फळ कळतं त्याला दोन खोल्यांचं पाळणाघर कळणार नाही?
पातूरहून आईचा फोन. तिला पाळणाघर हा शब्दच मान्य नाही. म्हणे, पोट्टीले इकडं आनून टाक, आमी मेलो का? आरतीनं ते ऐकलं. भांडी जरा जोरात ठेवली. आचल पातूरला गेली तर हिला फक्त रविवारी दिसणार.
संकल्प: उत्तम पाळणाघर, रास्त भावात, आठवड्याच्या आत.

२० मे, बुधवार.
ऊन फार. कूलरसमोर बसून प्लॅनिंग केलं. प्लॅनिंग हेही कामच आहे.
पद्धत ठरली. बगीच्याचीच. एक, न सांगता जायचं. दोन, रस्त्याकडची झाडं पाहायची नाहीत, ती सगळेच नीट ठेवतात. थेट मागच्या कोपऱ्यात जायचं. तीन, आवडलं तर कपाळाला आठ्या घालायच्या. चार, भाव ऐकला की उठायचं आणि निघायचं. मालक मागून हाक मारतोच. अहो थांबा, चहा तं घ्या. त्या चहात भाव उतरतो. ज्यानं मागं वळून पाहिलं तो संपला.
आरतीला पद्धत सांगितली नाही. ट्रेड सीक्रेट.

२२ मे, शुक्रवार.
मागच्या गल्लीतलं वर्षालीताईंचं पाळणाघर पाहिलं. न सांगता. दोन खोल्या, अंगणात कडुनिंब, कूलरचा वाळा ओला, सात-आठ पोरं, सांभाळायला त्या आणि त्यांची जाऊ. थेट मागच्या कोपऱ्यात गेलो. तो संडास निघाला. आत एक पोरगा बसला होता. त्यानं मला शांतपणे बाहेर जायला सांगितलं. पोरगं घाबरलेलं नाही, ही चांगली खूण.
एक मूल रडत होतं. ताईंनी त्याला उचललं आणि तसंच कडेवर घेऊन माझ्याशी बोलल्या. गप्प बस म्हणाल्या नाहीत. मला जागा पाहताक्षणी आवडली. म्हणून लगेच आठ्या घातल्या. फाटक करकरते म्हटलं. भिंतीचा रंग गेला म्हटलं. पोरं मातीत खेळतात म्हटलं. ताई म्हणाल्या, हाव, खेळतात.
उलट त्याच मला विचारायला लागल्या. आचल काय खाते, झोपताना काय लागतं, पाण्याला काय म्हणते? मी म्हटलं, नॉर्मल.
फी ऐकली. रास्त होती. खरं म्हणजे कमीच. मी "हं" म्हटलं आणि उठलो. अंगणात सावकाश चाललो. चप्पल झटकली. फाटक दोनदा उघडलं, लावलं. गाडीला सेल्फ असून किका मारल्या. हाक आली नाही. बाई मुरलेली दिसते. दोन दिवसांत फोन येईल.

२५ मे, सोमवार.
फोन नाही. मोबाइल फुल चार्ज. शेजारच्या खुशालरावांना मिसकॉल द्यायला लावला. फोन चालू आहे.
आरतीनं विचारलं, त्या ताईचं काय झालं? म्हटलं, प्रोसेस सुरू आहे. ती म्हणाली, आवडलं असंन तं सांगून टाका ना. नोकरी करणाऱ्यांना व्यवहार कळत नाही.

२७ मे, बुधवार.
दुसरं पाहिलं. मेन रोडवर, एसी, भिंतीवर हत्ती-जिराफ. चालवणारी पिंकी मॅडम. मला सर म्हणाली. खुर्ची दिली, कोल्ड्रिंक दिलं. मागच्या कोपऱ्यात जाऊ दिलं नाही, तिथं क्लीनिंग चालू आहे म्हणाली. मोबाइलवर कॅमेरा दिसतो, त्यामुळे कोपऱ्यात जायची गरजच नाही.
भाव ऐकून उठलो. दारापर्यंतही पोचलो नाही तोच मागून हाक! सर, सर, तुमच्यासाठी डिस्काउंट. काय सांगू, इतकं बरं वाटलं. पद्धत खोटी नाही. पाळणाघरवाले सगळे सारखे नसतात, एवढंच.
कॅमेऱ्याची ट्रायल घेतली आहे. इसार उद्या देणार.

२८ मे, गुरुवार.
इसार दिला नाही. सकाळी आरतीला कौतुकानं मोबाइलवर कॅमेरा दाखवला. पोरं टीव्हीसमोर ओळीत. मी म्हटलं, शिस्त पाहा. आरती पाहत राहिली. चहा झाला, पोळ्या झाल्या, तरी पोरं तिथंच. दाराशी एक मुलगी उभी राहून रडत होती. तिच्यापाशी कोणी येईना. मी म्हटलं, नेटवर्कमुळे चित्र अडकलं असेल. आरती म्हणाली, चित्र अडकलं असतं तं तिचे खांदे काहून हालून रायले?
मोबाइल बंद केला. खरं सांगायचं तर मलाही ते पाहवेना.

१ जून, सोमवार.
नवा विचार. संत्र्याच्या मृग बहाराचा माल गेला, आंबिया बहाराची बोलणी सप्टेंबरात. हे दिवस मी मोकळाच. मग आचलला मीच सांभाळलं तर? घरबसल्या, फुकट, विश्वासू माणूस. आरतीला बँकेच्या कामाला पाठवलं आणि ट्रायल घेतली.
सकाळ: मजा. घोडा झालो.
जरा वेळानं: अजून घोडाच आहे.
त्यानंतर: वरण-भात. तिच्या पोटात थोडा, माझ्या शर्टात बराच.
दुपार: ती "मम" मागत होती. मी बिस्किट दिलं, केळं दिलं, दूध दिलं. सगळं फेकलं. शेवटी आरतीला फोन. मम म्हणजे पाणी.
नंतर एका व्यापाऱ्याचा फोन आला. बोलून वळलो तर आचल दिसेना. घरभर धावलो. बाथरूममध्ये बादलीत वाकून पाहताना ओरडलो आणि ती मागून हसली. पडद्याआड होती. बादली लगेच उपडी करून ठेवली. हे आरतीला सांगणार नाही.
निष्कर्ष: मी सांभाळू शकतो, पण माझं खरं काम निवड करण्याचं आहे.

५ जून, शुक्रवार.
वर्षालीताईंचा फोन नाहीच. सहज म्हणून त्यांच्या गल्लीतून गेलो. परत सहज आलो. तिसऱ्यांदा आचलला टाकीवर बसवून सहज गेलो आणि हॉर्न दिला.
ताई बाहेर आल्या. मी म्हटलं, मग काय विचार केला तुम्ही? त्या म्हणाल्या, कायचा? मी म्हटलं, जागेचा. त्या म्हणाल्या, तुमाले तं काईच पसंत नोतं ना बॉ! फाटक नाई, रंग नाई, माती नाई. मी थे जागा एका सिस्टरबाईच्या पोराले देली. यापेक्षा जास्त पोट्टे आमाले दोघींले उचलनं होत नाई.
मी "हं" म्हटलं. सवयीनं. पण या वेळी किका मारल्या नाहीत, सेल्फनं गाडी सुरू केली आणि निघालो.
घरी सांगितलं, तिथं वेटिंग आहे. म्हणजे माझी नजर बरोबर होती. आरती म्हणाली, तुमी गेल्ते तवा बी वेटिंग होतं का?
बाजारात जाऊन येतो म्हटलं आणि निघालो. बाजारात काही काम नव्हतं.

८ जून, सोमवार.
आई आली. मोठी पिशवी घेऊन, रिकामी. आचलचे कपडे न्यायला. बाबांनी म्हणे पातूरच्या घरी पाळणाही टांगला. मी म्हटलं, आचल दोन वर्षांची आहे. आई म्हणाली, बसंन त्यात, तुह्यासारखी धिप्पाड थोडीच हाय.
आरती आतल्या खोलीत फ्रॉकच्या घड्या करत होती. एक घडी केली, मोडली, परत केली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, मी बिनपगारी रजा मागतो, नाईतं नोकरी सोडतो, पन पोट्टीले असं आठवड्यानं भेटाचं मले जमनार नाई. रेल्वेची परीक्षा ती कशी पास झाली ते मी पाहिलं आहे. तेव्हा मीच गल्लीभर पेढे वाटले होते.
आज खूप वाईट वाटलं. कारण लिहिता येईल, पण लिहीत नाही. ऊन फार आहे.

१० जून, बुधवार.
जेवताना आरतीनं सरळ विचारलं, ताईकडं नेमकं काय बोलले तुमी? मग पद्धत सांगितली. आठ्या, फाटक, किका, सगळं. मला वाटलं निदान आई कौतुक करेल. आईच्या हातातली भाकर तशीच राहिली आणि ती हसायला लागली. डोळ्याला पदर लावून हसली.
म्हणाली, तुहा बाप मले पाहाले आल्ता तवा असाच. पोहे खाल्ले, तोंड वाकडं केलं, पोरगी सावळी हाय म्हने, आन् चालला बैलगाडीकडं. त्याले वाटलं माहा बाप हाक मारंन आन् हुंड्यात वाढवून देईन. माह्या बापानं दार लावून घेतलं. आठ दिवसांनं आला मुकाट्यानं, म्हने पोरगी पसंत हाय, काईच नको.
बाबांनी मला ही पद्धत शिकवली तेव्हा हा भाग सांगितला नव्हता.
आरतीही हसली. कितीतरी दिवसांनी. मग एकदम थांबली आणि म्हणाली, उद्या सगळे जाऊ. आन् तुमी बोलाचं.

११ जून, गुरुवार.
गेलो. आई, आरती, आचल, मी. फाटक करकरलं, मी काही म्हटलं नाही.
आरती म्हणाली, ताई, आमाले तुमचीच जागा पाहिजे, काय करा लागंन? मग माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात कधी मालकासमोर मालाची तारीफ केली नाही. म्हटलं, तुम्ही रडणाऱ्या पोराला उचलून घेतलं, गप्प बस म्हणाला नाहीत. ते मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. वाळा ओला होता. कोपऱ्यातलं पोरगंसुद्धा घाबरलेलं नव्हतं. फी योग्य आहे. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला घाम फुटला.
ताई म्हणाल्या, मंग तवाच काहून नाई बोलले? आई म्हणाली, खानदानी दुखनं हाय त्याचं.
चहा आला. न मागता! महिन्याच्या शेवटी शाळा उघडल्या की त्यांच्याकडचा एक मोठा मुलगा केजीत जातो. ती जागा आचलची. तोवर आई आमच्याकडंच राहणार. घरी आल्यावर पिशवी तिनं घडी करून गादीखाली घातली. निघताना ताई म्हणाल्या होत्या, तोवर रोज घंटाभर आनून बसवा, सवय होईन पोट्टीले. हे काम मी मागून घेतलं.
एकंदरीत सौदा मीच जमवला म्हणायला हरकत नाही.

१५ जून, सोमवार.
आरती ड्युटीवर गेली. स्कूटीवरून वळून तीनदा पाहिलं. मी आचलला ताईंकडे नेलं. आईनं बजावलं होतं, पोट्टी रडंन, तू रडू नको. मी रुमाल, बिस्किटं, तिची बाहुली, सगळं घेऊन तयार. मिठी मारेल, पाय धरेल, तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.
आचलनं माझं बोट सोडलं आणि मातीत जाऊन बसली. बस.
मी ओसरीवर थांबलो. तिला गरज पडली तर. पडली नाही.

१७ जून, बुधवार.
आजही गरज पडली नाही. खिडकीतून जरा लक्ष ठेवत होतो. सिस्टरबाईचं पोरगं मला पाहून घाबरलं आणि रडायला लागलं. त्याचं पाहून दुसरं, मग तिसरं. आचल सोडून सगळे. ताईंनी सगळ्यांना दोघींत वाटून घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी कूलर बरा चालतोय का ते पाहिल्यासारखं केलं.
ठरवलं: उद्या खिडकीपाशी जायचं नाही.

१८ जून, गुरुवार.
खिडकीपाशी गेलो.
आचल जेवत होती. स्वतःच्या हातानं. ताईंच्या जावेला "मम" म्हणाली आणि तिनं न विचारता पाणी दिलं. मला एकदम भरून आलं. रुमाल काढला, आचलसाठी नेलेला. माझा हुंदका आत ऐकू गेला असावा.
ताई बाहेर आल्या. म्हणाल्या, दादा, पोट्टी रुळली आमची. आता तुमचं काय कराचं थे सांगा. उद्यापासून आजीले पाठवा, तुमी येऊ नका.
मी म्हटलं, फक्त एकदा पाहून जातो. पाहिलं. आचलनंही मला पाहिलं. वरणाचा हात वर करून म्हणाली, बाबा, टाटा. आणि परत जेवायला लागली.
ताईंनी खिडकी लावून घेतली.